रोलर कोस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान कोस्टर, तोच सगळ्यात भारी ना?

नाही. जाहिरातीत हेच दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि लोक त्यांवरून पार्क निवडतात, म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी घेतला आहे.

न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कात २००५ साली ‘किंगडा का’ हा कोस्टर सुरू झाला. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर. गाडी सुटली, सरळ वर गेली, सरळ खाली आली, एक उंचवटा ओलांडला आणि संपलं. २०२४ मध्ये तो बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडला. त्याच पार्कात २००६ पासून एल टोरो हा लाकडी कोस्टर आहे. त्याची उंची ५५ मीटर, म्हणजे किंगडा काच्या निम्मीही नाही. पण त्याच्या पहिल्या काही टेकाडांवर माणूस सीटवरून जसा उचलला जातो, तसं किंगडा कावर कधीच होत नव्हतं. दोन्हींतून एक निवडायचा असता तर आम्ही डोळे मिटून एल टोरोच्या रांगेत उभे राहिलो असतो.

याहून छोटं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गच्या कनोबेल्स पार्कातल्या फिनिक्सचं. उंची २४ मीटर, वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास. १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत उभारलेला हा लाकडी कोस्टर तिथलं पार्क बंद पडल्यावर सुटा करून इकडे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केला. जगभरातले जाणकार आजही त्याला पहिल्या काही लाकडी कोस्टरांत धरतात.

उंचीचं गणितही लक्षात ठेवा. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. घर्षण सोडून दिलं तर ४० मीटरच्या उतारावर ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग मिळतो, ८० मीटरवर सुमारे १४३. उंची दुप्पट, वेग दीडपटही नाही, आणि खर्च मात्र कितीतरी जास्त.

मग चांगला कोस्टर ओळखायचा कसा?

रुळाच्या आकारावरून. टेकाडांचे माथे किती आवळलेले आहेत, वळणात शिरताना गाडी आधी कलते की धक्का बसल्यावर कलते, आणि शेवटच्या ब्रेकपर्यंत वेग टिकतो की अर्ध्यातच हवा निघून जाते, हे पाहा. पार्कात पोहोचल्यावर पाच मिनिटं कोस्टरच्या बाहेर उभे राहा आणि रुळाच्या शेवटच्या एक तृतीयांश भागाकडे बघा. तिथेही लोक ओरडत असतील तर रांगेत लागा.

‘एअरटाइम’ म्हणजे नेमकं काय?

जत्रेतल्या आकाशपाळण्यात वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तोच. फरक प्रमाणाचा.

गाडी टेकाडाच्या माथ्यावरून जाते तेव्हा तुमचं शरीर सरळ पुढे जायला बघतं आणि रूळ खाली वळतो. वेगाचा वर्ग भागिले माथ्याची त्रिज्या हा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ एवढा झाला की तुम्ही सीटवर टेकलेले नसताच, तरंगता. त्याहून जास्त झाला की सीट तुमच्याखालून पळते आणि मांडीवरचा सुरक्षेचा बार तुम्हाला खाली ओढून धरतो. समजा गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने (ताशी ७२ किलोमीटर) माथ्यावर आली. माथ्याची त्रिज्या ४१ मीटर असेल तर तुम्ही जेमतेम तरंगाल. तीच २५ मीटर असेल तर उणे ०.६ जी (१ जी म्हणजे तुमचं नेहमीचं वजन; उणे म्हणजे उलट, वरच्या दिशेने). म्हणजे ६० किलोच्या माणसाला बार सुमारे ३८ किलो जोराने खाली दाबतो.

हळुवार तरंगवणाऱ्याला ‘फ्लोटर’ म्हणतात, उडवून देणाऱ्याला ‘इजेक्टर’. स्पेनच्या पोर्टअव्हेंचुरातला शंभाला (२०१२, ७६ मीटर) पहिल्या प्रकारातला, एल टोरो दुसऱ्या. आवड ज्याची त्याची. आमचा कल इजेक्टरकडे आहे.

हे सगळं शक्य झालं ते रुळाखालच्या चाकांमुळे. कोस्टरच्या गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात: वजन पेलणारी वरची, वळणावर सांभाळणारी बाजूची आणि रुळाच्या खालच्या अंगाला धरून राहणारी. ही तिसरी चाकं असतात म्हणूनच गाडी उणे जीमध्ये रुळावरून उचलली जात नाही. अमेरिकेतल्या जॉन मिलरने १९१९ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनातला १९०२ सालचा लीप-द-डिप्स, जगातला सर्वांत जुना शिल्लक कोस्टर, या चाकांशिवाय बांधलेला आहे. त्यामुळे त्याची टेकाडं अगदी सौम्य आहेत.

लूपमध्ये उलटे झाल्यावर आपण पडत का नाही? आणि लूप गोल का नसतो?

वेग पुरेसा असेल तर माथ्यावरही सीट तुम्हाला दाबत राहते. बार नसता तरी तुम्ही सीटलाच चिकटून असता. बार आहे तो गाडी हळू झाली तर.

गोल लूपची अडचण तळाशी असते. गाडी माथा जेमतेम पार करेल एवढाच वेग ठेवला, तरी पूर्ण गोल लूपच्या तळाशी ६ जी भरतात. १८९५ साली कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा असा गोल लूप होता, तो माना दुखवण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. उपाय म्हणजे थेंबासारखा आकार: तळाशी त्रिज्या मोठी, माथ्याकडे लहान. जर्मनीतले अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी तो १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात रेव्हॉल्यूशन या कोस्टरसाठी वापरला आणि आजचे सगळे लूप त्याच वाटेने गेले.

पुढे बसावं की मागे?

गाडीचे सगळे डबे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे कुठल्याही क्षणी सगळ्यांचा वेग सारखाच. प्रश्न एवढाच की त्या वेगाला तुम्ही रुळाच्या कोणत्या जागी आहात.

पहिल्या उतारावर पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडीचं बहुतेक वजन अजून मागेच असतं, म्हणून पुढचे लोक काही क्षण खाली बघत लटकतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडी वेगात आलेली असते आणि त्यातली माणसं हिसक्यासरशी खाली खेचली जातात. म्हणून उतारावरच्या एअरटाइमसाठी मागची रांग, वारा आणि नजाऱ्यासाठी पहिली. मधल्या रांगा सर्वांत सौम्य. पहिल्यांदा बसणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

लाकडी कोस्टरवर आणखी एक बारकावा. तीन बाकांच्या डब्यात पहिलं आणि तिसरं बाक चाकांवर येतं, तिथे दणके जास्त बसतात. मधलं बाक मागा. शेवटच्या डब्यातलं मधलं बाक हा आमचा कायमचा सल्ला: हिसका पुरेपूर आणि दणके कमी.

पायाखाली जमीन नसलेल्या म्हणजे फ्लोअरलेस कोस्टरवर (खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो असाच आहे) एका रांगेत चार जण बसतात. तिथे पहिल्या रांगेला खरंच अर्थ आहे, कारण समोर फक्त रूळ असतो. पहिल्या रांगेची वेगळी ओळ लांब असेल तर मात्र शेवटच्या रांगेची कडेची सीट घ्या.

लाकडी चांगला की लोखंडी?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांची चळत आणि तिच्यावर पोलादाची पट्टी. तो चाकांखाली किंचित दबतो, गाडी सळसळत, थोडी डुगडुगत जाते, आणि बेभान झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. तोटाही त्यातच आहे. गाडी रोज त्याच जागी आपटते, तिथे खळगे पडतात, आणि दरवर्षी काही भाग उखडून नव्या फळ्या घालाव्या लागतात. हे काम टाळलं की चांगला लाकडी कोस्टरही पाच-सात वर्षांत पाठीचा शत्रू होतो. म्हणून एखादा लाकडी कोस्टर ‘खूप हादरवतो’ असं कुणी म्हणालं तर दोष बहुधा देखभालीचा असतो, लाकडाचा नव्हे.

तिसरा मार्ग आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन कंपनीने काढला: लाकडी सांगाडा ठेवायचा आणि त्यावर पोलादी रूळ बसवायचा. ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कातला १९९१ सालचा मीन स्ट्रीक असाच बदलून २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स झाला: ६२ मीटर उंची, चार वेळा उलटं, आणि एकामागून एक एअरटाइम. सध्याच्या घडीला हाच प्रकार आम्हाला सर्वांत आवडतो.

डोकं आणि मान आपटते. काय करू?

हे मुख्यतः जुन्या पोलादी कोस्टरांवर होतं. त्यांचा रूळ आखताना गाडी रुळाभोवती फिरते असं धरलं जायचं. त्यामुळे गाडी कलली की तुमचं डोकं बाजूला फेकलं जायचं, आणि बाजूला खांद्यावरून येणारा कडक बार असायचा. आता गाडी तुमच्या छातीच्या रेषेभोवती फिरेल असा रूळ वाकवतात, म्हणून नव्या कोस्टरांवर हा त्रास बराच कमी आहे.

जुन्यावर बसायचंच असेल तर डोकं पाठच्या उशीला घट्ट टेकवून ठेवा, मान सैल सोडू नका, आणि नजर वळण ज्या दिशेला आहे तिकडे पुढे ठेवा. पुढचं वळण कळलं की मान आपोआप तयार होते. कानातले डूल काढून ठेवा.

बार किती घट्ट हवा?

मांडीवर टेकलेला, पोटावर नाही. आधी कंबर सीटच्या पाठीला पूर्ण लावून बसा, मगच बार खाली ओढा. बहुतेक लोक पुढे घसरून बसतात. बार चुकीच्या जागी अडतो आणि पहिल्याच टेकाडावर आणखी एक-दोन खटके खाली जाऊन मांडी चेपतो. खटक्यांच्या बारवर हा धोका जास्त. हायड्रॉलिक बारला टप्पे नसतात, तो हव्या त्या जागी थांबतो.

कर्मचाऱ्याने फार दाबला तर नम्रपणे सांगा. पण श्वास रोखून, पोट फुगवून बार सैल ठेवण्याची युक्ती कधीही करू नका. आणि बार लागल्यावर हाताने वर ढकलून बघा. हलला, तर गाडी सुटण्याआधी हात वर करून ओरडा. यात संकोच करू नका.

एकाच रुळावर दोन गाड्या धावतात. टक्कर का होत नाही?

रूळ ‘ब्लॉक’मध्ये विभागलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने कळवल्याशिवाय मागची गाडी चढावर किंवा ब्रेकवर थांबूनच राहते. तीन गाड्या चालवायच्या तर किमान चार ब्लॉक लागतात.

यंत्रणा चुकत नाही असं नाही, पण मोठे अपघात बहुधा माणसाने तिला बाजूला सारल्यावर होतात. जून २०१५ मध्ये इंग्लंडच्या अल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर कोस्टरवर रिकामी चाचणी गाडी रुळावर अडकली होती. संगणकाने मागची गाडी रोखून धरली होती. यंत्रणाच चुकते आहे असं समजून ती रोख हटवण्यात आली आणि प्रवाशांनी भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. लोक गंभीर जखमी झाले, आणि २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला.

म्हणून गाडी मध्येच अर्धा तास थांबली तर चिडू नका. यंत्रणा तिचं काम करते आहे.

चढावर ‘टक टक टक’ आवाज येतो तो कशाचा?

गाडीखालच्या लोखंडी खटक्याचा. चढाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. साखळी तुटली तरी खटका त्यांत अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. काही नव्या चढांवर ही सोय आवाजाविना केलेली असते.

गाडी टेकाड चढलीच नाही तर?

साखळीऐवजी जोराने सोडणाऱ्या लाँच कोस्टरवर असं होऊ शकतं. गाडी मागे येते आणि रुळावर उभे राहिलेले चुंबकी ब्रेक तिला थोपवतात. याला रोलबॅक म्हणतात. हे आराखड्यातच धरलेलं असतं, धोक्याचं नसतं, आणि शौकीन तर त्याची वाट बघतात. दोन टेकाडांच्या मधल्या खोलगटात गाडी थांबली तर मात्र तिला ओढून काढावी लागते. तशी वेळ बहुधा थंडीत, जोराच्या वाऱ्यात किंवा चाकं नवीन असताना येते.

पावसात कोस्टर का बंद करतात? वेग तर कमीच होईल ना?

उलट. ओल्या रुळावर घर्षण कमी होतं, वंगण सैल पडतं आणि गाडी पळते. जुन्या कोस्टरांवर ब्रेक म्हणजे पट्टीला चिमटा घेणारे पॅड, ते ओले झाले की घसरतात. चुंबकी ब्रेकला पावसाने फरक पडत नाही, म्हणून नवे कोस्टर हलक्या सरीत चालू राहतात. विजा चमकू लागल्या की सगळंच बंद.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे; जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस दिवसदिवस थांबत नाही. कोस्टरसाठी जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्याच्या मधला वार. पावसाळ्यात गेलातच तर चष्मा काढून ठेवा. ताशी १०० किलोमीटर वेगात थेंब खड्यासारखे लागतात.

महाराष्ट्रात कुठे बसायचं?

मोठा कोस्टर म्हणावा असा एकच: इमॅजिकातला नायट्रो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, खोपोलीला. २०१३ सालचा, स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्ड कंपनीचा, सुमारे ४० मीटर उंच, पाच वेळा उलटा होणारा. जगातल्या मोठ्या नावांसमोर तो लहान आहे, पण आखणी चांगली आहे आणि या कंपनीचे कोस्टर वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतात. त्याच पार्कातला डीप स्पेस अंधारातला आहे. वळण कुठे आहे ते दिसत नाही, त्यामुळे कमी वेगही जास्त वाटतो. गोल्ड रश एक्सप्रेस कुटुंबासाठी.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून मुंबईकरांची पहिली शाळा होतं. ते २०२२ मध्ये बंद झालं. त्याची जागा घेणारं दुसरं काही मुंबईत झालं नाही, याचं वाईट वाटतं.

बेंगळुरू आणि हैदराबादच्या वंडरलात रिकॉइल आहे. तो व्हेकोमा या डच कंपनीचा बूमरँग प्रकार: गाडी मागे खेचून सोडतात, तीनदा उलटी, मग तोच रूळ उलट्या दिशेने. जगभर जिथे तिथे सापडणारा आराखडा. एकदा अनुभवावा, उशीला डोकं टेकवून.

परदेशातल्या नातेवाइकांकडे जाणार आहोत. जवळ काय आहे?

एडिसन किंवा जर्सी सिटीला असाल तर ग्रेट ॲडव्हेंचर तासाभरावर, एल टोरोसाठी. एक दिवस जास्तीचा असेल तर कनोबेल्सला जा. तिथे प्रवेश मोफत आहे, बसाल तेवढ्या राइडचे पैसे द्यायचे, म्हणून आजी-आजोबांना उगाच तिकीट काढावं लागत नाही.

अबू धाबीत फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटरने सुटतो आणि बसण्याआधी गॉगल देतात. सुरुवातीचे पाच सेकंद अविस्मरणीय, पुढचा भाग सपाट. तरी तिकडे गेलातच तर चुकवू नका.

जर्मनीत रुस्टचं युरोपा-पार्क हे आमच्या मते सगळ्या कुटुंबासाठी सर्वांत नीट चालवलेलं पार्क. इंग्लंडमध्ये अल्टन टॉवर्सचा नेमेसिस: तिथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायची परवानगी नव्हती, म्हणून १९९४ मध्ये खडक फोडून खड्ड्यांत रूळ बसवला. भिंती पायांजवळून जातात. उंची नसताना वेग कसा जाणवून द्यावा याचा हा वस्तुपाठ आहे. २०२२ मध्ये बंद करून रूळ नवा केला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळमळ होते ती कान आणि डोळे वेगळं सांगतात म्हणून. डोळे मिटू नका, पुढे रुळाकडे बघा. उपाशीपोटीही बसू नका आणि वडापाव-मिसळीवर लगेचही नको. हलकं खाऊन तास-दीड तास जाऊ द्या. गोल फिरणाऱ्या राइड शेवटी ठेवा, चांगल्या चांगल्यांना त्याच आडवं पाडतात.

अंधारी येते ती रक्त पायांकडे ओढलं गेल्याने, बहुधा मोठ्या उताराच्या तळाशी किंवा लांब आवळलेल्या वळणात. मांड्या आणि पोट ताणून धरा, श्वास रोखू नका, आणि दिवसभर पाणी पीत राहा. हृदयविकार, मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर बसू नये.

रांग किती वेळ घेईल हे कसं ओळखायचं?

घड्याळ लावा. दोन गाड्या सुटण्यातला वेळ मोजा. २८ जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटत असेल तर तासाला ८४० माणसं. दर मिनिटाला सुटली तर १६८०. पुढे ४०० माणसं असतील तर पहिल्या हिशोबाने अर्धा तास. गाडीतल्या सीट रिकाम्या जात असतील तर त्यात थोडी भर घाला. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि ज्या राइडची गाडी लहान आहे तिथे आधी जा; मोठ्या गाड्यांची रांग दुपारीही सरकते. एकटे बसायला तयार असाल तर सिंगल रायडरची ओळ विचारा.

काय घालावं, काय नेऊ नये?

बांधलेले बूट किंवा मागे पट्टा असलेल्या चपला. फ्लोअरलेस कोस्टरवर साधी चप्पल काढूनच बसावं लागतं. ओढणी आणि मफलर लॉकरमध्ये ठेवा, साडीऐवजी सलवार-कमीज किंवा पँट बरी. लांब मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घाला. मोबाइल चेनच्या खिशात किंवा लॉकरमध्ये; रुळाखाली पडलेला मोबाइल राइड बंद केल्याशिवाय काढता येत नाही, आणि वरून पडलेला फोन खाली कुणाचं तरी डोकं फोडू शकतो.

मुलाची उंची दोन सेंटिमीटर कमी आहे. सोडतील का?

सोडू नये, आणि तुम्ही आग्रहही धरू नका. बहुतेक मोठ्या कोस्टरांवर ही मर्यादा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान असते, आणि ती बार कोणत्या शरीरावर नीट बसतो यावरून ठरते. जाड सोलचे बूट घालून पास झालेलं मूल बारखालून निसटू शकतं.

हात वर करावेत का?

फ्लोटर टेकाडांवर जरूर, बार मांडीवर नीट असेल तर. जुन्या, हिसके देणाऱ्या कोस्टरवर मात्र दोन्ही हातांनी बार धरा. खांब कितीही जवळून गेल्यासारखे वाटले तरी त्यांच्यापर्यंत हात पोहोचू नये एवढं अंतर आखणीतच ठेवलेलं असतं. सेल्फी स्टिकसाठी ते ठेवलेलं नसतं.